चेंडूवर सही तुमची आहे

प्रति,
श्री. रॉब मॅनफ्रेड,
आयुक्त, मेजर लीग बेसबॉल,
न्यू यॉर्क

महोदय,

सप्रेम नमस्कार.

सिअ‍ॅटल मरिनर्सच्या कॅल रॅलीने २०२५ च्या हंगामात ६० होमरन (कुंपणाबाहेर मारलेले फटके, क्रिकेटमधल्या षटकारासारखे) मारले. तो कॅचर आहे. रोज तीन-तीन तास उकिडवे बसून चेंडू अडवायचे, अंगावर झेलायचे आणि मधल्या वेळात फलंदाजीला उभे राहायचे, असे ते काम. मुख्यतः कॅचर म्हणून खेळणाऱ्यांचा त्याआधीचा उच्चांक ४८ होता. उजव्या आणि डाव्या अशा दोन्ही हातांनी फलंदाजी करणाऱ्यांमध्ये मिकी मँटलचे ५४ होमरन १९६१ पासून अबाधित होते, तेही त्याने मागे टाकले. तरीही स्टेडियममध्ये आणि दिवाणखान्यांत एक वाक्य ऐकू येतेच: हा काळच फलंदाजांचा आहे, आता साठ होमरनला पूर्वीसारखी किंमत राहिलेली नाही.

त्या वाक्याबद्दल मला तुमच्याशी बोलायचे आहे. ते खरे की खोटे हे ठरवायला जी माहिती लागते, तिचा मोठा भाग तुमच्या कार्यालयात आहे आणि तो आम्हा प्रेक्षकांपर्यंत पोचत नाही. मराठीत लिहितो आहे, कारण न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंतच्या मराठी घरांत आता क्रिकेटच्या जोडीने बेसबॉलही पाहिला जातो. गावसकरांची ३४ कसोटी शतके मोठी की तेंडुलकरांची ५१, हेल्मेट नसतानाचा काळ कठीण की नंतरचा, यावर ज्यांनी घरात कडाक्याचे वाद घातले आहेत, त्यांना काळ आणि आकडा यांचे नाते नव्याने शिकवावे लागत नाही. पुण्याहून पाहुणे आले की स्टेडियममध्ये पहिला प्रश्न हाच असतो: एका हंगामात सर्वांत जास्त होमरन कोणाचे? बॅरी बॉन्ड्सचे ७३ म्हणावे, तर शेजारचा अमेरिकन प्रेक्षक मान हलवून अ‍ॅरन जजचे ६२ सांगतो आणि त्याच्या पलीकडचे वयस्कर गृहस्थ रॉजर मॅरिसचे ६१. एका साध्या प्रश्नाला तीन उत्तरे आहेत, आणि तिन्ही देणारी माणसे मनापासून बोलत असतात.

काळाने आकडे बदलतात, हे आधीच मान्य करतो. १८८४ मध्ये शिकागोच्या नेड विल्यमसनने २७ होमरन मारले. शिकागोच्या त्या मैदानाचे डावीकडचे कुंपण दोनशे फुटांच्याही आत होते. आदल्या वर्षापर्यंत तिथे कुंपणाबाहेर गेलेला चेंडू 'डबल', म्हणजे दोन बेसचा फटका, धरत. १८८४ मध्ये क्लबने ठरवले की तो होमरन मोजायचा. विल्यमसनचे १८८३ चे आकडे होते ४९ डबल आणि २ होमरन. पुढच्या वर्षी २७ होमरन, त्यातले २५ घरच्या मैदानावर. त्यानंतरच्या वर्षी संघाने मैदान बदलले आणि विल्यमसन ३ वर आला. मनुष्य तोच होता, मनगटेही तीच होती. तरी त्याचा २७ चा उच्चांक पस्तीस वर्षे टिकला. १९१९ मध्ये बेब रूथने २९ मारले, तेव्हा तो मोडला.

इतके उघड उदाहरण समोर असताना काळाचा परिणाम कोण नाकारेल? माझा आक्षेप वेगळा आहे. 'फलंदाजांचा काळ' हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो, आणि होमरनच्या बाबतीत तो बहुतेक वेळा चुकीच्या जागी पडतो.

१९३० घ्या. विसाव्या शतकातले हे फलंदाजीला सर्वांत अनुकूल वर्ष म्हणून सांगतात. मेजर लीगच्या दोन शाखांपैकी एक असलेल्या नॅशनल लीगमधल्या सगळ्या फलंदाजांची मिळून सरासरी (दर संधीमागे यशस्वी फटक्यांचे प्रमाण) .३०३ होती. फिलाडेल्फिया फिलीजची .३१५ होती आणि ५२ विजय, १०२ पराभव घेऊन तो संघ तळाला राहिला. आता १९६८ पाहा, ज्याला सगळे 'पिचरांचे', म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांचे, वर्ष म्हणतात. बॉब गिब्सनने दर नऊ इनिंगला सरासरी १.१२ धावा दिल्या. दुसऱ्या शाखेत, अमेरिकन लीगमध्ये, कार्ल यास्त्रेम्स्की .३०१ च्या सरासरीवर पहिला आला, म्हणजे १९३० च्या नॅशनल लीगमध्ये तो सर्वसाधारण फलंदाजाच्याही किंचित खाली राहिला असता. ही दोन वर्षे दोन टोकांची. पण होमरन मोजा. १९३० मध्ये एक संघ एका सामन्यात सरासरी सुमारे ०.६३ होमरन मारत होता. १९६८ मध्ये सुमारे ०.६१. जवळजवळ सारखेच.

हेच अलीकडे आणून बघा. बॉन्ड्सचे ७३ ज्या २००१ मधले, त्या वर्षी दर संघामागे, दर सामन्यामागे सुमारे १.१२ होमरन झाले. जजने ६२ मारले त्या २०२२ मध्ये सुमारे १.०७. बॉन्ड्सचे वर्ष 'फुगलेल्या काळातले' म्हणून बाजूला सारणारे लोक जजचे वर्ष 'कठीण काळातले' म्हणून डोक्यावर घेतात, कारण २०२२ मध्ये सगळ्या मेजर लीगची सरासरी .२४३ होती, १९६८ नंतरची सर्वांत कमी. दोन्ही माहिती खरी आहे. आजचा फलंदाज कमी वेळा बेसवर पोचतो, जास्त वेळा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकनंतर बाद) होतो आणि चेंडू लागला तर तो उंच, लांब जातो. फलंदाजी कठीण झाली आणि होमरन मात्र मुबलक राहिले. अशा वर्षाला फलंदाजांचे म्हणायचे की पिचरांचे? होमरनच्या उच्चांकाचा विचार करायचा तर होमरनचाच दर पाहायला हवा, सरासरी किंवा धावा नव्हेत.

दर पाहिला की पुढचा प्रश्न येतो: बाकीच्यांपेक्षा हा किती पुढे होता? हवा, मैदान, चेंडू आणि नियम त्या वर्षी खेळणाऱ्या सगळ्यांना कमी-अधिक सारखेच असतात. काळाचा फायदा सर्वांना मिळत असेल, तर पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकातले अंतर केवळ काळामुळे पडत नाही. १९२० मध्ये रूथने ५४ होमरन मारले. दोन्ही लीग मिळून दुसऱ्या क्रमांकावर जॉर्ज सिस्लर होता, १९ वर. त्या वेळी सोळा संघ होते, त्यांपैकी चौदा संघांचे अख्ख्या हंगामाचे होमरन एकट्या रूथपेक्षा कमी भरले. १९२७ मध्ये रूथचे ६०, लू गेहरिगचे ४७ आणि अमेरिकन लीगमध्ये तिसऱ्या क्रमांकाचे फक्त १८. दुसऱ्या बाजूला सॅमी सोसा आहे. त्याने तीन हंगामांत साठपेक्षा जास्त होमरन मारले: १९९८ मध्ये ६६, १९९९ मध्ये ६३, २००१ मध्ये ६४. त्या तिन्हींपैकी एकाही वर्षी तो पहिला नव्हता. ज्या वर्षी ६६ मारूनही दुसरा क्रमांक मिळतो, त्या वर्षात साठ या आकड्याचे वजन १९२७ इतके नव्हते हे मलाही दिसते. २०२२ मध्ये मात्र जजच्या ६२ नंतर काइल श्वार्बरचे ४६ होते. सोळाचे अंतर. २००१ मध्ये बॉन्ड्स आणि सोसा यांच्यात नऊचे, १९६१ मध्ये मॅरिस आणि मँटल यांच्यात सातचे.

हे अंतर मला सर्वांत प्रामाणिक माप वाटते. तरी तेही आंधळेपणाने वापरता येत नाही, आणि रूथच्या बाबतीत तर मुळीच नाही. १९२० मध्ये थुंकी लावलेला चेंडू टाकायला बंदी आली, जुन्या काही पिचरांना तेवढी सूट मिळाली. त्याच ऑगस्टमध्ये क्लीव्हलँडचा रे चॅपमन डोक्याला चेंडू लागून मरण पावला आणि मळलेला, नीट न दिसणारा चेंडू बदलून नवा देण्याची पद्धत रुळली. रूथ तेव्हा पोलो ग्राउंड्सवर खेळत होता, जिथे उजव्या टोकाला कुंपण २६० फुटांच्याही आत होते. आणि इतर फलंदाज अजून जुन्याच रीतीने, चेंडू जमिनीलगत ठेवून खेळत होते. पूर्ण जोर लावून उंच मारायचे ही कल्पनाच रूथबरोबर पसरली. तो पुढे होता यात शंका नाही, पण स्पर्धकांनी ती शर्यत अजून सुरूही केलेली नव्हती. शिवाय त्या लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रवेशच नव्हता. कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या निग्रो लीगमध्ये खेळलेल्या जॉश गिब्सनच्या, हॉल ऑफ फेम या बेसबॉलच्या सन्मान-दालनातल्या पाटीवर लीग आणि इतर सामने मिळून जवळजवळ ८०० होमरन असे लिहिले आहे. जानेवारी १९४७ मध्ये तो वारला आणि त्याच एप्रिलमध्ये जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू ती बंदी मोडत मेजर लीगमध्ये उतरला. रूथच्या साठाला देशातले अर्धेमुर्धेच पिचर सामोरे गेले, हेही त्याच्या काळाचेच वैशिष्ट्य. त्यावर कोणी कधी तारांकन, म्हणजे विक्रमापुढे शंकेची खूण, मागितले नाही.

तारांकन मागितले गेले ते मॅरिसवर, आणि मागणारे तुमच्याच खुर्चीवर बसलेले होते.

१९६१ मध्ये अमेरिकन लीगचे संघ आठाचे दहा झाले आणि हंगाम १५४ सामन्यांवरून १६२ वर गेला. न्यू यॉर्क यँकीजचे मॅरिस आणि मँटल दोघेही रूथच्या साठाच्या मागे लागले. तेव्हाचे आयुक्त फोर्ड फ्रिक पूर्वी वार्ताहर होते, रूथच्या नावाने छापून येणारे लेख त्यांनी लिहून दिले होते आणि त्याचे ते मित्रही होते. जुलैत, हंगाम अर्ध्यावर असताना, त्यांनी जाहीर केले की १५४ सामन्यांनंतर मोडलेल्या उच्चांकाजवळ काहीतरी वेगळी खूण असायला हवी. सप्टेंबरमध्ये १५४ वा सामना बाल्टिमोरला आला, रूथच्या जन्मगावी. मॅरिसने त्या दिवशी ५९ वा होमरन मारला. नंतर आणखी संधी मिळाल्या, पण चेंडू कुंपणापर्यंत पोचला नाही. शेवटच्या वेळी समोर हॉइट विल्हेम होता, नकलबॉल, म्हणजे हेलकावत येणारा संथ चेंडू, टाकणारा. बॅट अर्धवट फिरली, चेंडू जमिनीवरून घरंगळत गेला आणि मॅरिस बाद झाला. ताणामुळे त्याच्या डोक्यावरचे केस पुंजक्यापुंजक्याने गळत होते.

१ ऑक्टोबरला, हंगामाच्या शेवटच्या दिवशी, यँकी स्टेडियममध्ये त्याने चौथ्या इनिंगमध्ये ट्रेसी स्टॅलर्डचा चेंडू उजवीकडच्या प्रेक्षकांत मारला. एकसष्टावा. यँकीज तो सामना १-० ने जिंकले, म्हणजे सामन्यातली एकमेव धाव तीच. मैदानात प्रेक्षक होते २३,१५४. साठ हजारांपेक्षा जास्त लोक मावतील असे ते स्टेडियम. चौतीस वर्षांचा उच्चांक मोडताना दोन-तृतीयांश खुर्च्या रिकाम्या होत्या, कारण तो उच्चांक 'खरा' नाही हे आयुक्तांनी अडीच महिने आधीच सांगून टाकले होते. छापील विक्रमांत पुढे प्रत्यक्ष तारा कधी आलाच नाही, दोन वेगळ्या ओळी आल्या: १५४ सामन्यांचा उच्चांक आणि १६२ सामन्यांचा. त्या ओळी काढायला १९९१ उजाडले. मॅरिस १९८५ मध्ये, ५१ व्या वर्षी, गेला होता.

फ्रिक यांच्या शंकेत तथ्य नव्हते असे मी म्हणत नाही. आठ सामने जास्त होते, दोन नवे संघ आल्याने पिचरांची एक फळी पातळ झाली होती. पण त्या गोष्टी त्या वर्षाच्या होत्या, मॅरिसच्या नव्हत्या. त्या वर्षी इतर सगळ्यांनाही तेच १६२ सामने मिळाले. वर्षाबद्दलची नोंद वर्षाच्या पानावर करायची सोडून ती एका माणसाच्या नावापुढे केली गेली, आणि त्याचे तीस वर्षे नुकसान झाले.

पिचरांच्या वाट्याला हा संशय जवळजवळ येत नाही, हे मला नेहमी खटकते. साय यंगचे ५११ विजय ज्या काळातले आहेत, त्या काळात पिचर सुरू केलेला सामना स्वतःच संपवत असे; यंगने असे ७४९ सामने पूर्ण टाकले. जॅक चेस्ब्रोने १९०४ मध्ये एका हंगामात ४१ सामने जिंकले. बॉब गिब्सनचे १.१२ पंधरा इंच उंचीच्या माउंडवरून, म्हणजे पिचर उभा राहतो त्या उंचवट्यावरून, आले. पुढच्याच वर्षी लीगने माउंड दहा इंचांवर आणला आणि स्ट्राइक झोनही (चेंडू फलंदाजाला खेळण्याजोगा धरला जाणारा पट्टा) लहान केला. नियम बदलावे लागले इतका तो काळ पिचरांच्या बाजूने झुकलेला होता. तरी १.१२ चा उल्लेख होतो तेव्हा आवाजात आदरच असतो, आणि तो असायलाच हवा. काळाचा फायदा घेतलेला पिचर महान ठरतो आणि काळाचा फायदा घेतलेला फलंदाज संशयित, हा न्याय कुठला?

आता बॉन्ड्स. इथे दोन गोष्टींची सरमिसळ होते आणि ती तुमच्या कार्यालयाने आजवर होऊ दिली आहे. नव्वदीच्या दशकात संघ वाढले, नवी मैदाने आली, समुद्रसपाटीपासून एक मैल उंचीवरच्या डेन्व्हरमध्ये विरळ हवेत १९९९ च्या एका हंगामात कूर्स फील्डवर ३०३ होमरन झाले. हा काळ. उत्तेजक औषधे हा काळ नव्हे. कोणी घेतली, कोणी घेतली नाही, हा ज्याच्या त्याच्या वर्तनाचा प्रश्न आहे. मार्क मॅग्वायरने २०१० मध्ये स्वतः कबुली दिली. १९९८ चे ७० त्याचे. फसवणुकीचा जाब माणसाला विचारावा, त्याबद्दल हॉल ऑफ फेमचे मतदार बॉन्ड्सला दहा वर्षे नाकारत आले, त्यांचा तो अधिकार आहे. पण फसवणुकीवरचा राग संपूर्ण काळावर काढला की त्या वर्षांत स्वच्छ खेळलेल्या प्रत्येकाचे होमरन फुकटात स्वस्त होतात.

आणि जबाबदारी वाटायचीच असेल तर ती वरपर्यंत जावी. १९९४ च्या खेळाडूंच्या संपाने वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम मालिका, रद्द झाली होती, रागावलेला प्रेक्षक १९९८ च्या मॅग्वायर-सोसा शर्यतीने परत आला आणि लीगने त्या शर्यतीची भरपूर जाहिरात केली. खेळाडूंची उत्तेजकांसाठीची चाचणी २००३ मध्ये नावाविना झाली, शिक्षेसह चाचणी २००४ मध्ये आली. तुम्ही स्वतः १९९८ पासून लीगच्या कार्यालयात आहात, चाचणीचे नियम घडवण्यात तुमचा मोठा वाटा आहे, आणि तो चांगला आहे. पण त्या काळचे आयुक्त बड सेलिग २०१७ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेले. ज्यांनी काळ चालवला त्यांना सन्मान आणि जे त्या काळात खेळले त्यांच्या आकड्यांवर संशय, हे मला कधीच पटलेले नाही.

माझे मुख्य म्हणणे चेंडूबद्दल आहे.

मेजर लीगचा चेंडू कोस्टा रिकातल्या तुरियाल्बा गावी हाताने शिवला जातो. दोन कातडी तुकडे, लाल धाग्याचे १०८ दुहेरी टाके. वजन ५ ते ५¼ औंस, घेर ९ ते ९¼ इंच, हे नियमात आहे. या मर्यादेत राहूनही दोन चेंडू अगदी वेगळे उडू शकतात. बोट फिरवले तर जेमतेम जाणवेल इतकी शिवण उंच-सखल झाली तरी हवेचा विरोध बदलतो, आणि त्यामुळे कुंपणाच्या अलीकडे झेलला जाणारा चेंडू पलीकडे जातो. २०१४ मध्ये सगळ्या लीगमध्ये ४,१८६ होमरन झाले होते. २०१९ मध्ये ६,७७६. मिनेसोटाने ३०७ मारले, यँकीजनी ३०६. त्याच वर्षी खालच्या ट्रिपल-ए स्तरावर मेजर लीगचा चेंडू वापरायला सुरुवात झाली आणि तिथलेही होमरन एकदम उसळले. पिचर, मैदाने, फलंदाज सगळे वेगळे, फक्त चेंडू तोच. तुम्हीच नेमलेल्या शास्त्रज्ञांनी त्या डिसेंबरमध्ये सांगितले की होमरनमधल्या वाढीचा सुमारे ६० टक्के भाग चेंडूच्या उडण्यातून आला आणि उरलेला फलंदाजांच्या बदललेल्या पद्धतीतून. बदल मुद्दाम केलेला नाही, उत्पादनातला फरक आहे, असेही त्यांनी नोंदवले. मी ते मान्य करतो. तो अहवाल तुम्ही लोकांसमोर ठेवलात, हेही तुमच्या बाजूने लिहायला हवे. पण तो हंगाम संपल्यावर आला. चेंडू बनवणारी रॉलिंग्ज कंपनी २०१८ पासून लीगच्या भागीदारीत आहे. २०२१ मध्ये दोन वेगळ्या प्रकारचे चेंडू एकाच हंगामात वापरले गेले, आणि लीगने ते मान्य केले तेव्हाही हंगाम संपून गेला होता. रॅलीने मोडलेला कॅचरचा ४८ चा उच्चांक साल्वाडोर पेरेझने त्याच २०२१ मध्ये केला होता. कुठला फटका कुठल्या चेंडूवर, हे पेरेझला ठाऊक नव्हते आणि त्याला टाकणाऱ्या पिचरांनाही.

जपानमध्ये हे टोकाला गेले. सदाहारू ओ यांचा १९६४ चा ५५ होमरनचा उच्चांक तिथे इतका पूज्य होता की २००१ मध्ये टफी रोड्स ५५ वर पोचल्यावर ओ प्रशिक्षक असलेल्या संघाच्या पिचरांनी त्याला मारता येतील असे चेंडूच टाकले नाहीत. २०१३ मध्ये व्लादिमिर बालेंटिनने ६० मारून तो मोडला. पण त्याच जूनमध्ये तिथल्या लीगला कबूल करावे लागले होते की हंगामाआधी चेंडू जास्त उसळणारा केला होता आणि कोणालाही सांगितले नव्हते. आदल्या वर्षी ८८१ होमरन झाले होते, त्या वर्षी १,३११. आयुक्त र्‍योझो कातो यांना पद सोडावे लागले. त्या चेंडूंवर त्यांचीच सही छापलेली होती. बालेंटिनच्या लीगमध्ये दुसरा आलेला फलंदाज ४१ वर होता. एकोणीसचे ते अंतर त्याने स्वतःच्या ताकदीने मिळवले होते, आणि तरी त्याच्या साठाचा विषय निघाला की आधी चेंडूचा विषय निघतो. त्याने काही लपवले नव्हते. ज्यांनी लपवले त्यांची सावली त्याच्या विक्रमावर पडली.

मेजर लीगच्या चेंडूवर तुमची सही असते, म्हणून हे पत्र तुम्हाला.

माझी मागणी लांबलचक नाही. कोणाच्याही नावापुढे तारा लावू नका, कोणाचा आकडा यादीतून काढू नका. ७३ राहू द्या, ६२ राहू द्या, ६१ राहू द्या. पण लीगच्या संकेतस्थळावर आणि प्रक्षेपणात होमरनची यादी जिथे जिथे दाखवता, तिथे प्रत्येक आकड्याशेजारी त्या हंगामाचा दर द्या आणि दुसऱ्या क्रमांकाचा आकडा द्या. दोन छोटे रकाने. रूथच्या ५४ शेजारी १९ दिसले की प्रेक्षकाला पुढचे कोणी समजावून सांगावे लागत नाही. वर्षाच्या पानावर त्या वर्षाची परिस्थिती नोंदवा: किती संघ, माउंड किती उंच, चेंडू ठराविक ओलावा राखणाऱ्या कपाटात ठेवले होते का (२०२२ पासून तिसही मैदानांत ठेवतात, आधी मोजक्याच ठिकाणी ठेवत), २०२५ मध्ये दोन संघ मायनर लीगच्या लहान स्टेडियममध्ये का खेळत होते, २०२६ पासून स्ट्राइक झोनबद्दल यंत्राकडे दाद मागायची सोय आली त्याचा काय परिणाम झाला. आणि १९४७ पूर्वीच्या पानांवर हेही, की या लीगमध्ये कोणाला खेळू दिले जात नव्हते.

हे तुम्हाला जमते, याचा पुरावा तुम्हीच दिला आहे. २०२४ मध्ये निग्रो लीगची आकडेवारी मेजर लीगच्या अधिकृत विक्रमांत आली, तेव्हा ते हंगाम लहान का होते, किती सामन्यांच्या नोंदी सापडल्या, सरासरीसाठी किमान किती संधी धरल्या, हे सगळे उघडपणे सांगितले गेले. जॉश गिब्सनची .३७२ ही कारकिर्दीची सरासरी आज यादीत पहिली आहे. काही लोकांनी नाके मुरडली, पण माहिती समोर होती म्हणून वाद मुद्द्याला धरून झाला. होमरनच्या बाबतीत आम्ही तेवढेच मागतो आहोत.

चेंडूची मोजमापे मात्र हंगामाआधी हवीत. हवेचा विरोध, उसळी, शिवणीची उंची, वजन, हे सगळे तुमच्याकडे प्रयोगशाळेतून येते. पहिला सामना सुरू होण्याआधी ते जाहीर करा, आणि हंगामात नवा साठा आला तर त्याचेही करा. पिचरांच्या पोटापाण्याचा हा प्रश्न आहे: होमरन वाढले की त्यांची सरासरी बिघडते, पुढचा करार लहान होतो, आणि कारण त्यांना कळत नाही. खेळाडू संघटनेलाही हे हवे असेल असे मला वाटते.

मागच्या वर्षांची मोजमापेही तुमच्या कार्यालयात असतीलच. सुरुवात २०२१ पासून करता येईल.

आपला,
एक मराठी प्रेक्षक
न्यू जर्सी